मालिशीत पोटली आणि नाद: एका वेळी एकच

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४३. नऊ वर्षं त्या बायकांची मालिश करतात. सुरुवात बाळ-बाळंतिणींपासून झाली, आता पाठ, कंबर, गुडघे दुखणाऱ्या बायकाही येतात. तासाचे ६०० रुपये घेतात. गेल्या वर्षी त्यांनी वनौषधींचा आणि साउंड थेरपीचा असे दोन छोटे कोर्स केले आणि ३२,००० रुपयांना टोला देऊन वाजवायच्या ‘सात धातूंच्या’ सात वाडग्यांचा संच घेतला. दिवाळीपासून सगळं एकत्र करून दीड तासाचं, १,८०० रुपयांचं ‘होलिस्टिक’ पॅकेज सुरू केलं: आठ वनस्पतींची पोटली (कापडात बांधून गरम केलेल्या पाल्याचा शेक), ५० मिली तिळाच्या तेलात निलगिरी, गवती चहा आणि लवंग या तिन्ही तेलांचे अंदाजे पंधरा-पंधरा थेंब, आणि शेवटी अंगावर वाडगे ठेवून नाद. पहिल्याच महिन्यात एकीच्या पाठीवर पुरळ उठलं, मधुमेह असलेल्या एका आजींच्या तळपायाला पोटलीने फोड आला, आणि एक बाई आवाजाने डोकं धरून उठून बसली. दोघी-तिघी मात्र म्हणाल्या, इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. ताई विचारतात: प्रमाण कुठे चुकतंय? कोणत्या दुखण्याला कोणता वाडगा लावायचा? आणि नवरा म्हणतो तसं बोर्डावर थायरॉईड, मधुमेह, संधिवात लिहावं का?

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी त्या आजींचा पाय. त्यांना डॉक्टरांनी पाहिलं आहे का, हे पत्रात नाही. पाहिलं नसेल तर आजच घेऊन जा, आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः सोबत जा. मधुमेहात बऱ्याचदा तळपायाची जाणीव कमी झालेली असते आणि जखम भरायलाही वेळ लागतो. साधा वाटणारा फोड आत चिघळला तर दुखत नाही म्हणून कळतही नाही. फोड फोडू नका. हळद, तूप, टूथपेस्ट, कोरफड काहीही लावू नका. आणि पुढे कधी कुणाला भाजलंच, तर पहिलं काम म्हणजे तो भाग वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा. बर्फ नाही.

हा फोड का आला ते नीट बघू, कारण यात तुमचा हलगर्जीपणा कमी आणि पोटलीचा स्वभाव जास्त आहे. तव्यावर तेलात गरम केलेल्या पोटलीत दोन गोष्टी होतात. तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि ते पोटलीच्या बुडाशी उतरतं. वरून हात लावला तर कापड सोसवतं, बुडाचा भाग मात्र कडक असतो. शिवाय तुम्ही तो तळहाताने तपासता. नऊ वर्षं गरम तेलात काम केलेला तळहात उष्णता मोजायला बिनकामाचा झालेला असतो. पोटली तव्यावरून काढली की तिचं बूड आधी कोरड्या जाड फडक्यावर दाबा, मग आपल्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मधे, तीन सेकंद टेकवून धरा. तिथे हात मागे घ्यावासा वाटला तर ती अजून तयार नाही. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घ्या आणि ४५ अंशांच्या वर जाऊ नका. ४८-५० अंशांची वस्तू एका जागी राहिली तर काही मिनिटांत त्वचा भाजू शकते. म्हणून पोटली पहिल्यांदा भराभर, लांब ओढीने फिरवायची आणि ती निवत जाईल तसा हात संथ करायचा. दोन पोटल्या ठेवा, एक अंगावर आणि एक तव्यावर. एकीवरच काम भागवायला गेलं की ‘निवायच्या आत उरकू’ अशी घाई होते.

मधुमेहींच्या गुडघ्याखाली पोटली नको. नेहमीच्या कोमट तेलाची हलकी मालिश पुरे, तीही पाय उजेडात नीट पाहून, बोटांच्या बेचक्यांसकट.

आता तुमचा मुख्य प्रश्न, प्रमाण कुठे चुकतंय. तुम्ही असं धरून चाललात की हातांना वनस्पतींची जोड दिली, वनस्पतींना सुगंधाची आणि सुगंधाला नादाची, की गुण वाढत जाईल. झालं असं की एकाच महिन्यात तुम्ही बारा-पंधरा नव्या गोष्टी एकदम आणल्या. पाठीवरचं पुरळ आठ वनस्पतींपैकी कशाने आलं? की तीन तेलांपैकी एकाने? की नुसत्या उष्णतेने? तुम्हाला सांगता येणार नाही. आणि ताई, ज्या दोघी-तिघी गाढ झोपल्या, त्या कशाने झोपल्या तेही सांगता येणार नाही. कदाचित नव्वद मिनिटं कुणी हाक मारली नाही, एवढ्यानेच.

पुरळाबद्दल तुमच्या आकड्यांवरून मात्र अंदाज बांधता येतो. एक मिलीत साधारण २० थेंब बसतात. तुमचे ४५ थेंब म्हणजे सव्वादोन मिली, ५० मिलीत साडेचार टक्के. अंगाच्या मालिशीला एक ते दोन टक्के, म्हणजे ५० मिलीत १० ते २० थेंब, तेही सगळी सुगंधी तेलं मिळून. शिवाय लवंगेचं तेल अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये (५० मिलीत ५ थेंब), आणि गवती चहाचंही तितकंच जपून, ६-७ थेंबांच्या आत. दोन्ही त्वचेला चटकन झोंबणारी आहेत. एकदा त्वचेने त्यांच्याशी वैर धरलं की पुढे दोन थेंबांनीही पुरळ उठू शकतं. तुम्ही दोन्ही एकत्र, तिप्पट आणि दुप्पट प्रमाणात लावली आणि वरून गरम पोटली फिरवली. उष्णतेने त्वचा उघडते आणि लावलेलं जास्त आत जातं. त्या बाईंची पाठ जणू ठरवूनच चिडवली गेली.

पुढचे दोन महिने सुगंधी तेलं पूर्ण बंद ठेवा. पुन्हा आणाल तेव्हा एकच आणा, थेंब मोजून, बाटलीवर तारीख आणि टक्केवारी लिहून. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला त्या तिळाच्या तेलात मिसळलेल्या तयार तेलाचे दोन थेंब लावून २४ तास पाहायचं. तान्ह्या बाळाच्या अंगाला यातलं काहीही नको. कापूर, निलगिरी आणि पुदिन्याचं तेल तर बाळाच्या नाकातोंडाजवळही नेऊ नका, त्याने श्वासाला त्रास होऊ शकतो. मिरगी असलेल्या बाईलाही कापूर-निलगिरी नको. सांधेदुखीसाठी कुणी गंधपुरा तेल घालायला सांगेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते त्वचेतून जाऊनही रक्तस्राव वाढवू शकतं. बिब्ब्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे गुडघ्यासाठी ‘जरासा बिब्बा’ सुचवणारं कुणीतरी घरोघरी असतं. तुमच्या खोलीत तो येऊ देऊ नका. त्याचा चीक लागला की फोड, सूज, कातडी निघणं असं सगळं होतं आणि डाग महिनोन्महिने राहतात.

आठ वनस्पतींची पोटलीही उलगडू या. तुमच्या यादीत रुई आणि धोतरा आहेत. वैद्याच्या देखरेखीखाली त्या वापरल्या जातात हे खरं. पण रुईचा चीक डोळ्याला लागला तर डोळ्याला इजा होते, आणि धोतरा विषारी आहे. तुम्ही त्या खुडता, चिरता, त्याच हाताने घाम पुसता. दोन्ही काढून टाका. खरं तर एकट्या निर्गुडीपासून पुन्हा सुरुवात करा. तुमच्या भागात ती बांधाबांधाला मिळते, आणि तिला गुण आहे की नाही ते एकटी असेल तरच दिसेल.

एका वेळेच्या दोन पोटल्यांसाठी: निर्गुडीची ताजी पानं ४०० ग्रॅम, किसलेलं ओलं खोबरं ५० ग्रॅम, सैंधव दोन चमचे, तिळाचं तेल ३० मिली. पानं धुऊन सावलीत पसरा आणि वरचं पाणी पूर्ण सुकू द्या. इथेच बहुतेकांची पोटली बिघडते. ओली पानं परतली की ती शिजतात, लगदा होतो, आणि पोटलीच्या आत वाफ कोंडून ती अचानक चटका देते. जाड देठ काढून पानं जाडसर चिरा. लोखंडी कढईत तेलावर आधी खोबरं टाका, ते बदामी झालं की पानं घाला, मंद आचेवर परता. पानांचा उग्र हिरवा वास जाऊन खमंग वास येऊ लागला, रंग गडद झाला, पण चिमटीत धरल्यावर चुरा होत नाही, तिथे थांबायचं. चुरा झाला तर तो कापडातून गळतो आणि तेलकट अंगावर वाळूसारखा घासतो. सैंधव शेवटी. बरेच जण लिंबाच्या चकत्याही घालतात, तुम्ही गाळा. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं की काळे डाग पडतात, आणि तुमच्याकडून निघालेल्या बायका दुपारच्या उन्हातच स्टँडवर जातात.

कापड जुन्या सुती चादरीचं, दीड फूट चौरस. नवं कापड असेल तर खळ जाण्यासाठी एकदा उकळून घ्या. गाठ घट्ट, मूठ नीट धरता येईल अशी. काम झालं की पोटली कंपोस्टात. एकीची पोटली दुसरीला नको, आणि आपल्या हवेत पावसाळ्यात तर उद्यासाठी ठेवणंही नको, रात्रीत आंबते.

तेल घरी सिद्ध करायचं तुमच्या मनात आहे असं पत्रावरून वाटलं. जुनं माप सोपं आहे: कल्क (वनस्पती वाटून केलेला लगदा) एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा रस सोळा भाग. निर्गुडीच्या २५० ग्रॅम कल्काला एक लिटर तेल आणि चार लिटर रस. पातेलं मात्र दहा लिटरचं घ्या, कारण शेवटी तेलाला फेस येतो आणि उतू जाऊन पेट घेऊ शकतो. कल्काची वात वळता आली, आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, म्हणजे पाणी संपलं. वात तडतडत असताना उतरवलेलं तेल आठवड्याभरात खवट होतं किंवा त्याला बुरशी येते. अशी तेलं वापरण्यापुरती थोडी करा. औषधी तेल म्हणून बाटल्या भरून विकायला लागलात तर १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो.

आता वाडगे. ‘कोणत्या दुखण्याला कोणता’ या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: कोणताही नाही. कोर्समध्ये तुम्हाला तक्ता दिला असेल, मूलाधार चक्राला अमुक स्वर, अनाहत चक्राला तमुक. पण आपल्या संगीतात षड्ज एका जागी बसलेलाच नाही. पेटीवर बाईंचा सूर काळी चार-पाच, बुवांचा काळी एक. गळा बदलला की ‘सा’ बदलतो. मग पोटाचा किंवा गळ्याचा ठरलेला एकच स्वर कुठून येणार? ही जोडणी विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत रूढ झालेली आहे, आणि वाडगे अंगावर ठेवून करायची मालिश जर्मनीच्या पीटर हेस यांनी १९८० च्या दशकात, नेपाळातले वाडगे पाहून बसवली. नवी आहे म्हणून ती टाकाऊ होत नाही. पण ‘हजारो वर्षांची विद्या’ असं सांगून गिऱ्हाइकाला ती देऊ नका. ‘सात धातू’ हीसुद्धा विक्रीची भाषा आहे. हाताने ठोकलेला चांगला वाडगा म्हणजे कासं, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तुमच्या आजीच्या काशाच्या वाटीचीच ही धातू.

त्या वाटीवरून एक सांगते, कारण तळपायाला तूप लावून काशाची वाटी तुम्हीही घासत असणार. घासताना तूप काळं पडतं आणि आपण म्हणतो, ‘बघा, केवढी उष्णता निघाली.’ ती उष्णता नसते. घासताना वाटीचे बारीक कण सुटून तुपात मिसळतात आणि काळपट रंग येतो. हीच वाटी तूप लावून चामड्याच्या तुकड्यावर दहा मिनिटं घासा आणि तिथेही तूप काळं पडतं का ते पाहा. वाटीने पाय हलके होतात, झोप लागते, त्यासाठी ती जरूर वापरा. काळ्या रंगाचा दाखला मात्र देऊ नका. जिचं तूप कमी काळं पडेल तिला वाटेल की आपल्याला गुण आला नाही.

नादाने मनाचा ताण हलका होतो, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेत अशाच वाडग्यांच्या सत्रानंतर ६२ जणांना तपासलं तेव्हा त्यांचा ताण, थकवा, चिडचिड कमी झालेली आढळली. पण नुसतंच शांत पडून राहिलेल्यांचा गट तुलनेला नव्हता. म्हणून विश्रांतीसाठी नाद, एवढं तुम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकता. थायरॉईडसाठी नाद असं म्हणता येत नाही.

डोकं धरून उठलेल्या बाईंचं काय झालं असावं? तुमची खोली दहा बाय दहा, खाली फरशी, भिंती उघड्या, आणि वाडगा डोक्यापाशी लाकडी दांडीने वाजवलात. कासं लाकडाने ठोकलं की आधी टणत्कार येतो, आणि तो कानाजवळ फार मोठा असतो. तुम्ही वाडगा हातात धरून लांबून ऐकता, ती टेबलावर त्याखाली पडलेली असते. एकदा उलट करा: मुलीला वाजवायला सांगा आणि तुम्ही टेबलावर झोपा. नंतर फोनवर आवाज मोजायचं मोफत ॲप उतरवून उशीच्या जागी ठेवा; ६०-६५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ देऊ नका. सातांपैकी दोनच वाडगे ठेवा, मोठे आणि खर्जाचे. नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) डोक्याची दांडी घ्या, कडेच्या जरा खाली, बाहेरून हळू टोला द्या आणि नाद जवळजवळ विरेपर्यंत थांबा. मोठ्या वाडग्याला अर्धा-एक मिनिट सहज लागतं. नादात ‘वां… वां…’ अशी लाट येते ती वाडग्याचे दोन अगदी जवळचे सूर एकमेकांत मिसळल्यामुळे, आणि ऐकायला शांत वाटते ती हीच लाट. पुढचा टोला लवकर दिला की ती मोडते. डोक्यापाशी नको, पायांपाशी टेबलाच्या बाहेर स्टुलावर ठेवा. खोलीत चादरी, गोधडी टांगा म्हणजे प्रतिध्वनी कमी होईल.

अंगावर वाडगे ठेवणं सध्या सोडा. तेलकट पाठीवरून किलोभराचा वाडगा घसरतो, हाडावर टेकला तर खडखडतो, आणि खाली पडला तर काशाला पितळेसारखा पोचा पडत नाही, ते तडकतं. तेलकट हाताने कड धरली तर नाद बसतो, दांडी निसटते. म्हणून तेलाचं सगळं काम आधी. मग अंग कोमट ओल्या पंचाने पुसायचं, हात साबणाने धुवायचे, आणि शेवटची आठ-दहा मिनिटं नाद. त्यानंतर दोन मिनिटं काहीच नाही. उठवताना आधी कुशीवर, मग बसवून, मग उभं. एकदम उठल्याने चक्कर येते. पेसमेकर असलेल्या, गरोदर, मिरगी असलेल्या किंवा कानात सतत आवाज येणाऱ्या बायकांना नाद नको. कानाचं यंत्र असेल तर काढून ठेवायला सांगा. बाळंतिणीच्या खोलीत, बाळ जवळ असताना तर वाडगा काढूच नका.

आणि वाडग्यांऐवजी मंद लावलेला तंबोरा एकदा करून पाहा. तुम्ही तर मिरजेच्या जवळच आहात, तंबोऱ्याचं माहेरच ते. चांगलं रेकॉर्डिंग, स्पीकर खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात, आवाज बोलण्यापेक्षा खाली. तुमचे हात मोकळे राहतात, मालिश चालू असताना नाद मिळतो, आणि खर्च जवळजवळ नाही. ३२,००० रुपये वाडग्यांत गेले म्हणून ते वाजवलेच पाहिजेत, हे ओझं मनावर घेऊ नका.

क्रम असा ठेवा. पहिला महिना नेहमीची मालिश आणि तंबोरा, ६०० रुपयांतच. दुसऱ्या महिन्यात नेहमीच्या पाच-सहा जणींना निर्गुडीची पोटली, फक्त पाठ आणि गुडघे, पंधरा मिनिटं. तयारीचा वेळ धरून दीड-दोनशे रुपये जास्त घ्या, ते रास्त आहे. तिसऱ्यात वाटलं तर दोन वाडगे. वहीत प्रत्येकीचं नाव, काय वापरलं, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलेली झोप, दुखणं, त्वचा. सुरुवातीलाच विचारायचं: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, पाळी चुकलीय का, अलीकडचं ऑपरेशन, तिळाची किंवा कशाची ॲलर्जी. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हातही न लावता डॉक्टरकडे पाठवा. आत रक्ताची गुठळी असू शकते. सिझेरियन झालेलीच्या पोटावर शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

पुरळ उठलेल्या बाईंना फोन करा, त्यांना त्या तीन तेलांची नावं लिहून द्या म्हणजे डॉक्टरांना सांगता येतील, आणि १,८०० रुपये परत करा. आजींचेही.

राहिला बोर्ड. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ठरावीक आजार बरे करण्याची जाहिरात करू देत नाही. त्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, पक्षाघात, संधिवात आहेत, आणि गलगंडही, म्हणजे थायरॉईड ग्रंथीची वाढ. तुमच्या यजमानांना हे सांगा. त्यांचा हेतू चार बायका जास्त याव्यात एवढाच आहे हे दिसतं. ‘पंचकर्म’ आणि ‘उपचार’ हे शब्दही नोंदणीकृत वैद्य सोबत असल्याशिवाय नकोत. बोर्डावर एवढं पुरे: ‘स्त्रियांसाठी तेल-मालिश आणि पोटली शेक. बाळ-बाळंतिणीची मालिश घरी येऊन. वेळ आधी ठरवावी. मधुमेह, रक्तदाब किंवा इतर आजार असल्यास आधी सांगावे.’